दिराच्या नावानं आलेली बाजरी

विहीणबाई, तुमच्याबद्दल चार शब्द बोला, असं तेराव्याला मला कुणी म्हटलं नाही. बरं झालं. चार शब्दांत तुम्ही मावला नसता, आणि त्यातले दोन तरी मी वाकडे बोलले असते. तुमचा जन्म कुठला, लग्न कधी झालं, देवदेव किती केला, ते सगळं तुमच्या भावानं सांगितलं. मी मागं भिंतीला टेकून ऐकलं. त्यातलं निम्मं मला नवं होतं. चार वर्षं एका खोलीत दोन खाटा टाकून झोपलो, पण तुम्ही माहेरचं कधी काढलं नाही आणि मी विचारलं नाही. आपल्याला भांडायला दुसरं पुष्कळ होतं.

तुम्ही माझ्या सुनंदाच्या सासूबाई. मुलाची आई आणि मुलीची आई एका छपराखाली राहतात, असं आमच्या केंदुरात कुणी ऐकलंही नव्हतं. मुलीचे आईबाप मुलीकडे जातात ते सणावाराला, हातात पिशवी घेऊन, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येतात. आम्ही दौंडला आलो ते टेम्पोतून. टेम्पोत एक लोखंडी कपाट, दोन गाद्या, हॉटेलातली मोठी पातेली आणि पातेल्यांवर बसलेले आमचे मालक.

शिरूरच्या रस्त्याला आमचं हॉटेल होतं. चहा, भजी, मिसळ. केंदूरचं घर विकून ते टाकलं होतं. वीस वर्षं चाललं. मग रस्ता रुंद झाला, वरून पूल गेला आणि गाड्या आमच्या डोक्यावरून जायला लागल्या. पुलावरून भज्यांसाठी कुणी खाली उतरत नाही. आमच्या मालकांना हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर होतं नव्हतं ते हॉटेलातच ओतलं. कुणाचं देणं राहिलं नाही, पण आपलंही काही राहिलं नाही. गावाला दिराबरोबर सामाईक दोन एकर जिराईत माळ आणि त्याच्या घराला लागून एक पत्र्याची खोली, तेवढंच. मुलगा नाही. एकच लेक. सुनंदानं फोन केला, "आई, हिकडं या." मी नाही म्हटलं. मग तिनं जावयांनाच टेम्पो घेऊन पाठवलं.

दारात तुम्ही उभ्या होता. लग्नात मी दिलेलं पातळ "हे काय गोणपाट" म्हणून सगळ्या वऱ्हाडासमोर परत पाठवणाऱ्या तुम्ही. मला वाटलं, आता रोज एक जुनी गोष्ट निघणार. तुम्ही पातेल्यांकडे बघितलंत आणि म्हणालात, "एवढ्या पातेल्यात कुनाचं जेवान शिजवायचंय?"

आमचे मालक वरूनच म्हणाले, "वेळ आली तर सगळ्या दौंडाचं, विहीणबाई!"

तुम्ही हसलात. मी हसले नाही. आमचे मालक उतरले आणि तुमच्या खुर्चीत जाऊन बसले. ती तुमची खुर्ची आहे हे त्यांना चार वर्षांत समजलं नाही, आणि तुम्ही सांगितलंही नाही.

माझा एक नियम होता. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. माझ्या आईनं पाळलं, तिच्या आईनं पाळलं. सुनंदाच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी परसात तीन विटा मांडून चूल केली. दिरानं वाट्याची बाजरी गोणीभर पाठवली होती, ती आपल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. मीठ माझं, चटणी माझी, तेलाची बाटली माझी. निराधारचे पैसे यायचे, त्यात भागायचं. पाणी तेवढं घरातलं प्यायचे. तुम्ही तेही पकडलंत. "पानी बी लेकीच्या घरचंच की."

"नळ नगरपालिकेचा हाय," मी म्हटलं.

तुम्ही तांब्या उचलून आत गेलात. तो दिवस मला फार बरा गेला.

आमच्या मालकांनी पहिल्याच जेवणाला चार चपात्या खाल्ल्या आणि वर वाटीभर खीर. मी परसात बोलावून विचारलं, "आवं, काय लाज?" तर म्हणाले, "पोटाला कुठं कळतं, पोळपाट कुनाचं हाय ते." असा माणूस. त्यांच्या वाटणीची लाजही मलाच धरावी लागली.

बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडू पडतं. म्हणून दर गुरुवारी थोडी बाजरी डब्यात काढायची आणि गिरणीत न्यायची. माझा गुडघा धड नाही, तेव्हा डबा तुम्ही न्यायच्या. मी कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या गुरुवारी तुमचा गव्हाचा डबा उचलताना तुम्ही माझाही उचललात आणि म्हणालात, "एका हातानं चाललं की माणूस वाकडं होतं." तेव्हापासून गोणीत किती उरली, ते तुम्हाला माझ्याआधी कळायचं.

संध्याकाळी साडेसातला ती मालिका लागायची. पुण्यातल्या कुठल्याशा फ्लॅटची. बापाचा धंदा बुडतो आणि म्हातारा-म्हातारी बोचकी घेऊन पोराच्या दोन खोल्यांत राहायला येतात. मग रोज एक घोटाळा. म्हातारा पोराचे बूट घालून फिरायला जातो, म्हातारी सुनेच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरण्या कोंबते. मागून हसण्याचा आवाज येतो. कुठं हसायचं ते तो आवाजच सांगतो. तुम्हाला त्याची गरज नव्हती. तुम्ही त्याच्या आधीच मांडीवर थाप मारून हसायच्या.

"केंदूरकरीनबाई, बघा, तुमच्यावानीच फुगून बसलीया."

"ती निदान हॉलमधी झोपती," मी म्हणायचे. "तिच्या कानाशी कुनी घोरत न्हाई."

"मी घोरते?"

"न्हाई, तुम्ही नुसतं इंजिन चालू ठेवता. रेल्वेतल्या माणसाची बायको ना."

आमचे मालक आणि जावई दोघं भिंतीकडे तोंड करून हसायचे. तुम्ही चिडायच्या, पण दुसऱ्या दिवशी शेजारणीला तोच विनोद माझ्या नावानं सांगायच्या. ते मला आवडायचं. सांगितलं नाही कधी.

त्या मालिकेत म्हातारीला राग आला की ती बॅग भरून दाराशी ठेवते. मग सून धावते, पोरगा धावतो, सगळे रडतात, अर्ध्या तासात मिटतं. आपल्याकडे तसं नव्हतं. मी पहिल्यांदा बॅग भरली ती तुळशीला पाणी कुणी घालायचं यावरून. आता सांगायलाही बरं वाटत नाही, पण त्या दिवशी फार मोठं वाटलं होतं. बॅग घेऊन बाहेर आले, तर तुम्ही कॉटवर बसून डाळ निवडत होता. वर न बघता म्हणालात, "न्हावऱ्यावरनं जानारी शिरूरची गाडी साडेचारला हाय. भाकरी बांधून घ्या."

मला वाटलं होतं, थांबा म्हणाल.

"घेतली," मी म्हटलं.

"मग तेवढा माझा चश्मा हुडकून द्या. डाळीतला खडा दिसंना. सुनंदा भाजीला गेलीया."

मी बॅग खाली ठेवून चष्मा शोधला. देव्हाऱ्यात, कपाटावर, गादीखाली, न्हाणीत. सव्वा पाच वाजले तेव्हा तुम्ही मांडीखालून चष्मा काढलात आणि म्हणालात, "हितंच की मेला." गाडी गेली होती. त्यानंतर मी आणखी दोनदा बॅग भरली, आणि दोन्ही वेळा तुमचं काहीतरी हरवलं.

वाद एका गोष्टीवर राहिला. मालिकेतली म्हातारी शेवटी काय करणार? मी म्हणायचे, जराशी अब्रू असेल तर आपल्या गावी जाईल. तुम्ही म्हणायच्या, राहील. एकदा मी जोरात म्हटलं, "जाणार बघा ती!" तर तुम्ही टीव्हीकडे बघतच म्हणालात, "कुठं जाती? जायला जागा असती तर आली असती का?"

त्या दिवशी तुम्हाला ते माझ्याबद्दल बोलायचं होतं की तिच्याबद्दल, मला माहीत नाही. लागलं ते मला. मी उठून परसात गेले आणि नसलेली भांडी घासली.

आता आपलं मोठं भांडण सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या चारजणी आल्या होत्या. त्यातल्या एकीनं खिडकीतून मला चुलीशी बघितलं आणि सुनंदाला विचारलं, "तुझी आई बाहेर का गं स्वयंपाक करते?" सुनंदा म्हणाली, "आमच्यात मूल झाल्याबिगर आई जेवत न्हाई लेकीकडं." हसून म्हणाली म्हणे. मग तिळगूळ आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी परसात होते, मला यातलं काही ऐकू आलं नाही. तुम्ही ऐकलंत.

बायका गेल्यावर तुम्ही परसात आलात. भिंत धरत, तिन्ही उंच पायऱ्या उतरून. एरवी त्या पायऱ्या तुम्ही उतरत नव्हता.

"इझवा ती चूल," तुम्ही म्हणालात.

"का?"

"का म्हंजी? रोज दोन टायमाला धूर करून सगळ्या आळीला सांगता, माझ्या लेकीला पोर न्हाई म्हनून. ती बोलत न्हाई म्हनून तिला कळत न्हाई व्हय?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. खोटं सांगत नाही. नियम माझा होता, जीभ माझी होती, उपास माझा होता. त्यात सुनंदा कुठं आली, हे मला दिसलं नव्हतं. पण तुमच्या तोंडून ऐकल्यावर मला ते पटलं नाही, मला राग आला. मी म्हटलं, "तुम्ही सांगता मला? सहाव्या वर्षी पोराची दुसरी सोयरीक बघायला निघालेल्या तुम्ही?"

तुम्ही पदर खांद्यावर ओढून घेतलात.

विहीणबाई, माणूस मेलं म्हणून चांगलं होत नसतं. तुम्ही त्या वर्षांत माझ्या लेकीला काय काय बोललात, ते मी विसरलेले नाही. तिला बाबाबुवांकडे फिरवलंत, कसले कसले काढे पाजलेत, पोराला कधी दवाखान्यात नेलं नाही. ती माहेरी येऊन तीन दिवस जेवली नव्हती. मी ते इथं लिहिते, कारण खाली लिहिणार आहे तेही खरं आहे, आणि एक झाकून दुसरं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवू नये.

त्या दिवशी मी तेवढ्यावर थांबले नाही, पुढं बोलले. बोलायचं नव्हतं ते बोलले. "माझी बाजरी माझ्या माळाची हाय. ती हाय तवर मी हितं. ती सरली की मी केंदूरला, पत्र्याच्या खोलीत. तुमचा एक दाना माझ्या तोंडात जायचा न्हाई."

"चालंल," तुम्ही म्हणालात आणि पायऱ्या चढून गेलात. चढताना दोनदा थांबलात.

पंधरा दिवस आपण बोललो नाही. मालिका बघायचो, पण तुम्ही थाप मारत नव्हता. गुरुवारी डबा मात्र जायचा.

त्या साली पावसाळा आला नि गेला, पण केंदूरकडे पाऊस नव्हता. मला दिसत होतं, गोणी खाली चालली आहे. दिवाळी झाली, मार्गशीर्ष लागला, दिराकडून काही निरोप नाही. मी मनाशी ठरवलं होतं, तळ दिसला की बॅग भरायची आणि या वेळी कुणाचा चष्मा शोधायचा नाही. मालकांना राहायचं तर राहू दे. रिकामी झाल्यावर मी गोणी झाडून, घडी घालून खाटेखाली ठेवली. रविवारी जायचं ठरवलं.

शनिवारी दुपारी मी देवळातून आले, तर कोपऱ्यात भरलेली गोणी.

"दिरांनी पाठवली तुमच्या," तुम्ही म्हणालात. तुम्ही गोधडी मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवत बसला होता. "टेम्पो येत होता हिकडं कुनाचा तरी. देऊन गेला."

"निरोप काय?"

"काय न्हाई. बरं हाय म्हनाले."

मी गोणीशी बसले. विहीणबाई, तुम्ही रेल्वेच्या गावातल्या. क्वार्टरमध्ये संसार केलात, वाण्याकडून किलोनं धान्य आणलंत. गोणी कशी शिवतात, ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आमच्याकडे गोणीच्या तोंडाला दोन बाजूंना दोन कान काढतात, उचलायला धरता यावेत म्हणून, आणि मधे दाभणानं सुतळीचे मोठे आडवे टाके घालतात, चार-पाच, बस. ही गोणी सुतळीनंच शिवली होती, पण गोधडीसारखी. बारीक बारीक धावदोरा, एका रेषेत, एक टाका इकडचा तिकडं नाही. कान काढलेच नव्हते. अशी सुबक गोणी उभ्या शिरूर तालुक्यात कुणी शिवली नसेल.

आणि गोणी तीच होती. मी झाडून खाटेखाली ठेवलेली. तिच्यावर माझ्याच हातचं ठिगळ होतं.

मी टाका उसवून मूठभर बाजरी काढली. आमच्या माळाची बाजरी बारीक, काळपट. ही टपोरी, पिवळी, बाजारातली. तुम्ही चष्म्यावरून बघत होता. तुमचा हात सुईवर थांबला होता.

"कशी हाय औंदा?" तुम्ही विचारलंत.

मला एवढंच म्हणायचं होतं की, ही आमची नाही. तेवढं म्हटलं असतं तर रविवारी मला केंदूरला जावं लागलं असतं. पत्र्याच्या खोलीत. मी सत्तरीला आलेली बाई, एक गुडघा गेलेला, नवरा इथं टीव्हीपुढं. मला जायचं नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. नियम पाळणारी बाई म्हणून मी आयुष्यभर मिरवले, आणि त्या दिवशी मला तुमच्या घरात राहायचं होतं.

"चांगलीय," मी म्हटलं. "आमच्या माळाचीच ती."

"मग?" म्हणालात आणि पुन्हा शिवायला लागलात.

महिन्याभरानं जावेचा फोन आला. "वैनी, औंदा कणसात दानाच भरला न्हाई. तुम्हाला काय पाठवावं, लाज वाटती." मी म्हटलं, काही पाठवू नको, आमच्याकडे आहे. तुम्ही खाटेवर होता. कूस बदललीत.

मग मला एकेक कळत गेलं. एवढी गोणी तुम्ही एकटीनं आणली नसणार. जावयांनी मोटारसायकलवर आणली असणार, कुरकुंभच्या कारखान्यातली पाळी सुटल्यावर. सुनंदानं दार उघडलं असणार. आणि आमच्या मालकांनी खाली उतरवून घेतली असणार, कारण त्या आठवड्यात त्यांची कंबर दुखत होती. ज्या माणसाच्या पोटात चहा टिकत नाही, त्यानं ही गोष्ट टिकवली. घरात मालिका चालली होती, सगळ्यांना आपापलं बोलणं पाठ होतं, आणि बघणारी मी एकटी. मागून हसण्याचा आवाज तेवढा नव्हता.

पुढच्या साली पुन्हा गोणी आली. या वेळी दोन कान काढले होते. टाके मोठे होते, आडवे. तुम्ही कुणाला विचारून शिकलात, की बाजारात उभं राहून बघितलंत, मला माहीत नाही. त्या वयात, त्या डोळ्यांनी. मी फक्त म्हटलं, "दिराचा हात सुधारला औंदा." तुम्ही म्हणालात, "माणूस शिकतं की." आणि दोघी आपापल्या कामाला लागलो.

तुम्हाला ठाऊक होतं का, की मला ठाऊक आहे? मला वाटतं, होतं. पण विचारलं नाही. विचारलं असतं तर चूल विझवावी लागली असती किंवा बॅग भरावी लागली असती. आपण दोघींनी तिसरंच काही चालवलं, आणि ते दोन वर्षं चाललं. पण एक मात्र चुकलं, आणि ते माझं चुकलं. परसातला धूर तसाच राहिला. सुनंदा खिडकीतून तो बघत राहिली. तुम्ही मला राहायला जागा केलीत, आणि मी तिला जे द्यायचं होतं ते दिलं नाही.

तुम्हाला ताप आला त्या मंगळवारी मी तुमच्या उशाशी बसले होते. सुनंदा औषध आणायला गेली होती. तुम्ही डोळे मिटून विचारलंत, "बाजरीत खडा लागतो का?"

"लागतो एखादा."

"पुढच्या टायमाला नीट बघून घ्यायला..." म्हणालात आणि थांबलात. एक डोळा उघडलात. "सांगा दिरांना."

"सांगते," मी म्हटलं.

तिथं बोलायचं होतं. दुसरं कुणी नव्हतं, वेळही होता. मी तुमच्या कपाळावरची घडी बदलली आणि पाण्याचं भांडं पुढं केलं. शुक्रवारी तुम्ही गेलात. न बोललेलं ते तसंच राहिलं, आणि त्याबद्दल मी रडत बसणार नाही. रडून तुम्हाला ऐकू येणार नाही. काही करायचं तर ते जित्या माणसांसाठी करायचं.

म्हणून तेराव्याचं सांगते.

सकाळपासून घर भरलं होतं. तुमची लेक मंगल मातीला येऊन गेली होती, ती शिरूरहून चार दिवस आधीच पुन्हा आली होती. पोरगी वाईट नाही. आई गेल्यावर लेकीला आईच्या प्रत्येक वस्तूवर दुसऱ्याचा हात दिसतो, तसं तिला झालं होतं. तुमच्या खोलीत माझी खाट, तुमच्या खुर्चीत आमचे मालक. ती चार दिवस बघत होती. पानं मांडायला घेतली तेव्हा ती बायकांत बसली होती, मी दाराशी. ती म्हणाली, "मावशी, आता आईच न्हाई. तुम्ही आता केंदूरला जानार असाल."

सुनंदा हातात भाताचं पातेलं घेऊन थांबली.

"का गं?" मी विचारलं.

"न्हाई, म्हंजी... आई होती तवा तिच्या सोबतीला तुम्ही होता. आता लोक काय म्हनतील? आन् राग मानू नका, पन तुम्ही तर हितलं पानी सोडून काय घेत न्हाई. चूल येगळी, दाना येगळा. चार वर्षं झाली तरी पाव्हन्यावानीच. मग घर तुमचं कसं म्हनायचं?"

विहीणबाई, तुमची लेक तुमच्यावर गेली आहे. बोलली ते खरं बोलली. मला एका शब्दालाही जागा ठेवली नाही. सुनंदाचं तोंड लाल झालं होतं. ती आता काहीतरी बोलणार आणि नणंद-भावजयीचं कायमचं तुटणार, हे मला दिसत होतं. आमचे मालक बाहेर पुरुषांत होते. तुम्ही असता तर तुमचं काहीतरी हरवलं असतं. तुम्ही नव्हता.

मी म्हटलं, "सुनंदा, तू गप बस." आणि मंगलला म्हटलं, "बरोबर हाय तुझं. जेवत न्हाई त्याचं घर नसतं."

मग मी उठले. गुडघा धरून उठायला वेळ लागला, कुणी हात पुढं केला नाही आणि मी मागितला नाही. बायकांची पहिली पंगत बसत होती. तुमच्या भावजयीच्या शेजारी एक पान रिकामं होतं. मी त्या पानावर जाऊन बसले. आमच्या भावकीतल्या दोघी समोरच होत्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. मारू दे. केंदूरला कळेल तेव्हा कळू दे. माझ्या आईनं पाळलं, तिच्या आईनं पाळलं, त्यांच्याशी वर गेल्यावर मी बोलेन. सुनंदाला मूल झालं नाही आणि आता होणारही नाही. मला लेक झाली आहे, तेवढं मला पुरे आहे. हे मी मोठ्यानं म्हटलं नाही, पण ज्यांना समजायचं त्यांना समजलं.

मंगल उभीच होती. मी तिला म्हटलं, "तू बी बस हितं. तुझ्या आईचं घर हाय, तुला कोन उठ म्हनतंय? माझ्या लेकीचं बी हाय. म्हनून मी ऱ्हानार. खोलीत दोन खाटा हायेत, तू येशील तवा एक तुझी."

ती बसली. माझ्या शेजारी नाही, दोन पानं सोडून. तेवढं चालतं.

सुनंदा वाढत आली. मीठ, लिंबू, चटणी, भाजी करत एकेकीचं पान भरत आली आणि माझ्या पानापाशी थांबली. हातातली पळी तशीच. सोळा वर्षांत तिनं मला कधी वाढलं नव्हतं. कुठून सुरू करायचं, तेच तिला कळेना.

"आई," तिनं विचारलं, "काय वाढू?"

"सगळं वाढ," मी म्हटलं.